गुळाचं पाणी

निजामाच्या मुलखातल्या गोरेगावच्या मशिदीच्या कमानी सटवाजी गवंड्यानं तरणेपणी चुन्यात उभ्या केल्या होत्या. चुन्यात गुळाचं पाणी घातल्याशिवाय त्यानं उभ्या जन्मात थापी उचलली नव्हती. एकोणीसशे अडतीस साली मशिदीच्या खिडक्यांना नव्या ओतीव जाळ्या बसवायचं ठरलं, आणि हैदराबादेहून लोखंडी साचे अन् सिमेंटची पोती आली.

त्या करड्या राखेचा सटवाजीला भरवसा वाटेना. त्यानं गुपचूप तिच्यात गूळ कालवला. तिसऱ्या दिवशी साचा उघडला, तर जाळी चिखलासारखी ओघळली. साच्याभोवती मुंग्यांची रांग लागली होती.

"गूळ घातला व्हय, सटवाजी?" मशिदीचे कारभारी लतीफमियाँ हळूच म्हणाले. "गुळानं सिमेंट धरत न्हाई, बाबा."

"देवाचं घर हाय, मियाँ. गोडाबिगर कोरडं कसं बांधावं?"

कुणी रागावलं नाही, हेच त्याला जड गेलं. त्यानं साचे धुतले, गूळ न घालता पुन्हा भरले. या खेपेला अकरा जाळ्या निघाल्या, एकीसारखी एक. त्याच्या बोटाची खूण एकीवरही नव्हती.

घरी त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, धोतराच्या सोग्यात बांधलेला गूळ पाहिला. "परत काहून आणला?"

"मशिदीला आता लागत न्हाई," सटवाजी म्हणाला, आणि पाय न धुताच आडवा झाला.