ताईच्या जपमाळेचा हेवा

"नर्सबाई गेल्या वो... जपमाळ हातात व्हती. म्हनता म्हनता मान कलली," ताईच्या घरमालकीण हौसाबाईंनी फोनवर सांगितले, तेव्हा माझ्या मनात प्रथम आले ते दुःख नव्हते, हेवा होता. मरणही हिला प्रार्थनेच्या ओघात, न मागता मिळाले! रडू नंतर आले. मला लिहिण्याची सवय नाही; निवृत्तीनंतर भीतभीतच लिहू लागले आहे. पण माझ्या थोरल्या बहिणीविषयी, रेजिनाताईविषयी, लिहायचे तर त्या हेव्यापासूनच सुरुवात करणे मला भाग आहे.

आम्ही नगरकडच्या कॅथलिक घरातल्या. आईने दोघींना एकाच चटईवर बसवून जपमाळ शिकवली. माझे उच्चार स्वच्छ, पाठांतर चोख. ताई अर्ध्यावर पेंगायची. चर्चमधल्या सिस्टर मला शाबासकी देत. पुढे मी महाविद्यालयात शिकवू लागले, लग्नानंतर पुण्याजवळ भुकूमला स्थिरावले आणि चर्चमधली रविवारची मिस्सा कधी चुकवली नाही. ताई कोळवणच्या दवाखान्यात नर्स झाली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचे यजमान गेले, मूलबाळ नव्हते, तरी हौसाबाईंच्या दोन भाड्याच्या खोल्यांत ती अखेरपर्यंत राहिली. चर्च लांब, पावसाळ्यात एसटीचा भरवसा नाही; तिच्यापाशी होती ती फक्त संध्याकाळची प्रार्थना. आणि तरीही त्या प्रार्थनेतून ती तोंड धुऊन आल्यासारखी ताजी होऊन उठायची. मी उठायची ती दुखरे गुडघे चोळत.

बरे, तिची प्रार्थना तरी कशी! "नमो मरिया, कृपापूर्णे... हौसाबाई, दूध वर येतंय बघा," आणि दूध उतरले की बोट असेल त्या मण्यावरून पुढे चालू. हौसाबाई रोज संध्याकाळी तिच्याजवळ येऊन बसत. "आमचा द्येव येगळा, पन बसाया काय जातंय?" असे त्यांचे म्हणणे. एकदा न राहवून मी म्हटले, "ताई, प्रार्थनेत असं मध्येच बोलतात का?"

"अगं, मरियामातेच्या घरीही चूल होतीच की!"

हौसाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "धाकल्या बाई लई कडक हायेत. आमच्या सासूवानी!"

त्या दोघींचे ते हसणे मला फार लागले. माझ्या बहिणीशेजारची जागा माझी होती, असे मला वाटे.

यजमानांना माती दिल्यावर दुसऱ्या दिवशी ताई कामावर गेली होती. कसे जमले, असे विचारल्यावर म्हणाली होती, "संध्याकाळी बसलं की उद्यापुरतं मिळतं गं. साठत मात्र नाही." माझे पती आजारी पडले तेव्हा ते वाक्य आठवून मीही रोज बसले. एक शब्द चुकवला नाही. मला उद्यापुरतेही काही मिळाले नाही. ते गेले आणि मी रोजची प्रार्थना सोडली. उरली ती रविवारची मिस्सा, लोकलज्जेची.

ताईची नि माझी शेवटची भेट झाली तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती. मी इतक्या वर्षांचे एकदाचे विचारून टाकले, "तुला नक्की काय मिळतं, ताई? आणि मलाच का मिळत नाही?"

तिने उशाची जपमाळ जवळ ओढली. मग म्हणाली, "लुसे, मी भित्री आहे गं. हे गेल्यापासून तिन्हीसांजेला खोलीत एकटीला भीती वाटते, म्हणून बसते. तू प्रार्थना सोडलीस आणि तरी उभी राहिलीस... मला तुझा हेवा वाटतो."

यावर माझे समाधान व्हायला हवे होते. झाले उलटेच. भीती मलाही वाटत होती. पण ती घेऊन कोणाकडे जावे हे ताईला ठाऊक होते. तिची भीतीसुद्धा माझ्या भीतीहून भाग्यवान निघाली!

ताईला जाऊन महिना झाल्यावरच्या मिस्सेनंतर मी तिच्या खोल्या आवरायला गेले. संध्याकाळ होताच हौसाबाई आल्या आणि नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसल्या.

"चला, करा सुरू."

"मला नाही जमत आता, हौसाबाई."

"न्हाई कसं? शिकल्यासवरल्या हायसा की. नर्सबाई रोज पयलं नाव तुमचं घ्यायच्या. 'माझ्या लुसीला बळ दे,' म्हनायच्या. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हते; माझ्यासमोर तिने ते कधी घेतले नव्हते... इतकी वर्षे माझे नाव या खोलीत रोज उच्चारले जात होते आणि ते ऐकायला मिळत होते ते हौसाबाईंना! त्या क्षणी मला त्यांचा जितका हेवा वाटला तितका आयुष्यात कोणाचाच वाटला नसेल. त्या तिरिमिरीतच मी क्रूसाची खूण करून 'नमो मरिया' म्हणू लागले. निम्म्यावर शब्द अडला; पाठांतरात कधी न अडणारी मी!

"थांबू नगा, म्हना म्हना," हौसाबाई म्हणाल्या.

खोल्या मी अजून सोडलेल्या नाहीत. जमेल तेव्हा जाते, ताईच्या चटईवर बसते आणि पहिले नाव तिचे घेते. काही मिळते का, ते सांगता येणार नाही. हेवाही गेलेला नाही. तो उंबऱ्याबाहेर ठेवून यायचे म्हटले तर मला आत येताच येणार नाही. म्हणून त्याला बरोबर घेऊनच बसते.