धोंडिराममामांची तीन मैदानं

आमच्या शाळेचे शिपाई धोंडिराम कांबळे यांना कधी सरळ चालता आलं नाही, पण त्यांच्याइतकी सरळ रेघ मी अजून कुणाला ओढताना पाहिलेली नाही. लहानपणी डावा पाय बैलगाडीच्या चाकाखाली आलेला. तेव्हापासून ते चालायचे तिरके, आणि मैदान आखायला वाकले की ओणव्यानंच पंचवीस मीटर मागं सरकत जायचे. रेघ बोटभरही हलायची नाही. तरुणपणी पाटणच्या बाजूला रस्त्याच्या मोजणीवर साखळी धरायला होते, तिथं ही विद्या मिळाली म्हणत. त्यांच्याकडं गाठी मारलेली एक दोरी होती. तीन, चार आणि पाच हातांचा त्रिकोण मांडून ते काटकोन काढायचे. आमच्या गणिताच्या सरांना तोच काटकोन फळ्यावर काढायला सगळा तास लागायचा.

सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची. घंटा देणं, माठ भरणं, हेडमास्तरांचा चहा आणणं आणि मैदानावर फक्की मारणं ही त्यांची कामं. फक्की म्हणजे विरवलेल्या चुन्याची पांढरी पूड.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. कडेगावच्या अलीकडं, विट्याच्या रस्त्यावर आमचं गाव. मी राजेश्वरी, दहावीत होते आणि शाळेच्या खो-खोच्या संघात होते. कर्णधार होती दीक्षा, मामांची मुलगी. दीक्षा पळायला लागली की दिसायची ती फक्त वेणी. आमचा संघ चांगला होता, हे मी लाजून सांगणार नाही. पण तीन वर्षांत आम्ही गावाबाहेर एक सामना खेळलो नव्हतो. सामने लांब असायचे, यायला रात्र व्हायची, कधी मुक्काम पडायचा, आणि मुक्काम म्हटलं की आमच्या बापांना एकदम शेतीची कामं आठवायची.

यात सगळ्यात पुढं माझे वडील. नाथाजी त्यांचं नाव. लष्करातून नायक म्हणून निवृत्त झाले आणि घरात येऊन जनरल झाले. त्यांचा हुकूम साधा होता, खेळायचं तर गावात खेळा. बाकीच्या मुलींचे वडील त्यांच्याच आडोशाला उभे राहायचे. नाथाजीरावांची पोरगी जात नाही तर आमची कशी जाईल, असं म्हणायचे. त्यात धोंडिराममामा काय बोलणार? दीक्षाला पाठवायची त्यांची तयारी होती, पण एकट्या दीक्षानं खो कुणाला द्यायचा?

त्या वर्षी हेडमास्तरांनी डोकं चालवलं. पोरी सामन्याला जात नाहीत ना, मग तालुक्याचे सामनेच गावात आणू. तालुक्याच्या क्रीडा समितीचे एक साहेब मैदान बघायला आले आणि त्यांनी नाक मुरडलं. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला ऊस, मधे पदरभर जागा. मुलींचा खो-खो, मुलांचा खो-खो आणि कबड्डी, तिन्ही एकाच दिवशी उरकायचे, कारण संध्याकाळच्या एसटीनं सगळे संघ परत जाणार. एक मैदान पुसून दुसरं आखायला दीड-दोन तास जाणार. दिवसात बसत नाही, म्हणाले, आणि पिशवी उचलली.

मामा चहाचे कप घेऊन उभे होते. म्हणाले, "सायेब, पुसायचं कशाला? तिन्ही एकदमच आखतो की. एकावर एक."

साहेबांना वाटलं शिपाई थट्टा करतोय. मामांनी तिथंच मातीत काडीनं तिन्ही मैदानं काढून दाखवली. रेघा कुठं एकमेकींना कापतात, कुठं हातभर अंतरानं शेजारून जातात, सगळं त्यांच्या डोक्यात आधीच तयार होतं. कबड्डी पांढरी, मुलांचा खो-खो काळा, गुऱ्हाळाच्या कोळशाच्या भुकटीनं. साहेबांनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, मुलींचा?

मुलींच्या रंगाचा घोळ झाला. आधी विटेची भुकटी टाकून पाहिली, तर आमच्या तांबड्या मुरमात ती दिसेचना. मग मामा दोन दिवस रजा काढून सांगलीला गेले. त्यांचा मेव्हणा हळदीच्या पेठेत हमाली करायचा. गोदामातली झाडलोट, पोत्यांतून सांडलेली, कुणी न घेणारी हळद, दोन पोती भरून एसटीच्या टपावरून गावात आली. तिच्या वासानं शाळा आठवडाभर लग्नघर झाली होती.

गावात कुजबूज झाली. हळद पायाखाली तुडवायची म्हणजे काय? माझे वडील शाळेत येऊन मामांना अंगणातच म्हणाले, "धोंडिराम, तुला काय कळतं का? देवाधर्माची वस्तू ती."

मामा म्हणाले, "आवं नाथाजीराव, गोदामात हमालांच्या पायाखालीच व्हती की. हितं पोरींच्या पायाखाली येईल, एवढाच फरक." त्यावर वडील जास्तच चिडले आणि पाय आपटत घरी गेले.

तीन मैदानं तयार झाली तेव्हा गाव बघायला लोटलं. एका म्हातारीनं विचारलं, एवढी मोठी रांगोळी कुणासाठी? पहिल्या दिवशी सरावाला कबड्डीतला पोरगा खो-खोच्या खांबाला जाऊन धडकला, आणि मी स्वतः काळ्या रेघेला आपली समजून बाहेर गेले, वर पंचाशी भांडले. हेडमास्तर तर मैदान ओलांडताना कुठल्याच रेघेवर पाय पडू नये म्हणून लंगडी घातल्यासारखे उड्या मारत आले.

मामांनी आम्हा बाराजणींना आठवडाभर सकाळी लवकर बोलावलं. खेळायचं नाही, नुसतं पिवळीच्या आतून चालायचं. मग डोळे मिटून चालायचं आणि रेघ आली असं वाटलं की थांबायचं. सुरुवातीला आम्ही ओढ्यात जायच्या बाकी राहिलो. मामा एकच सांगायचे, पांढरी दुसऱ्याची, काळी दुसऱ्याची, त्यांच्याकडं बघायचंच नाही. आठव्या दिवशी दीक्षा डोळे मिटून भरधाव पळाली आणि पिवळीच्या चार बोटं अलीकडं थांबली. मामांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं. त्यांना सर्दी झालेली नव्हती.

सामन्याचा दिवस उजाडला. सकाळपासून एकामागून एक डाव झाले, मधे एक मिनिट वाया गेलं नाही. साहेब खुर्चीत बसून मान डोलवत होते. आम्ही दोन सामने जिंकून अंतिम सामन्यात आलो. जिंकलो तर जिल्ह्याला, सांगलीला. सांगलीला जाऊ देणार का, हे घरी विचारायची आमची हिंमत नव्हती. आधी जिंकू, मग रडू, असं ठरलेलं.

आमच्या आधी मुलांच्या कबड्डीचा अंतिम सामना होता. तो रंगला, लोक आत घुसले, ओढ्याकडच्या बाजूला तर शे-दीडशे माणसं रेटून उभी. त्यांच्या पायांनी तिकडची हळद आणि कोळसा पार मिटले. मामा पूड घेऊन निघाले, पण एसटीची वेळ होत आली होती, पंचांनी शिट्टी वाजवून आम्हाला उभं केलं. त्या बाजूला उरली एकटी कबड्डीची पांढरी रेघ. आणि ती आमच्या रेघेच्या हातभर आत होती.

शेवटचा डाव. आम्ही पळणार, पाहुण्या पोरी पकडणार. शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा आमचा एक गुण जास्त होता आणि मैदानात एकटी दीक्षा होती. त्यांच्या मुलीनं तिला ओढ्याच्या बाजूला कोंडलं. दीक्षानं अंग चोरलं, पांढरीच्या पलीकडं दोन्ही पाय टाकले, वळली आणि निसटली. तेवढ्यात वेळ संपली. आम्ही किंचाळत आत धावलो.

पाहुण्या संघाचे सर हात वर करून आले. पोरगी दोन्ही पायांनी रेषेबाहेर गेली, बाद द्या. बाद दिली तर बरोबरी आणि जादा डाव, आणि आमच्यात जादा डावाचा दम राहिला नव्हता. माझा घोटा तर टम्म सुजला होता.

पंच भले माणूस. जिथं दीक्षाचे पाय पडले तिथं त्यांनी आधीच रुमाल टाकून ठेवला होता, पण रेघ कुठली धरायची ते त्यांना कळेना. मामांनी सांगितलं, आमची पिवळी हातभर पलीकडं होती. त्यावर ते सर म्हणाले, इथं पिवळी नव्हतीच, या बाजूला पांढरीच दोन्ही खेळांना धरलेली. कुणीतरी टेप आणला. सर म्हणाले, रेघ कुठं असायला हवी ते टेप सांगेल, ती आखली होती का ते कसं सांगेल? मग ते मामांकडं वळले.

"रेघ तुमची, पोरगी पण तुमची. आता तुमी म्हनाल तिथं रेघ व्हती, व्हय?"

मला आजही त्या माणसाचा राग येतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते, याचाही येतो. मामांचा चेहरा उतरला. बावीस वर्षं ज्यांनी बोटभर रेघ इकडची तिकडं केली नाही, त्यांना गावासमोर, बायको लक्ष्मीबाईंसमोर खोटं ठरवलं होतं. दीक्षा पुढं येऊन म्हणाली, मला बाद द्या, पण माझ्या वडिलांना काही बोलू नका.

मामांनी तिला हातानं मागं सारलं. मग पंचांना म्हणाले, "सायेब, मी हात लावत न्हाई. त्या टाकीत फक्कीसाठी विरवल्याला चुना हाय. त्याची निवळी बादलीत घ्या आन तुमच्या हातानं हितनं तिथवर शिंपा. हळद पडली आसंल तर माती सांगंल."

पंचांना कळलं नाही, पण गर्दीतल्या बायकांना लगेच कळलं. त्यांच्यात एकदम गलका झाला. हळदीला चुना लागला की काय होतं, हे आमच्याकडं कुठल्या बाईला सांगावं लागतं?

पंचांनी बाह्या सावरल्या आणि ते बादलीतून चुन्याची निवळी शिंपत गेले. पहिल्यांदा माती नुसती काळवंडली. मग त्या तुडवलेल्या मुरमातून मुरमापेक्षा गडद, कुंकवासारखा लाल पट्टा वर आला. थोडा फिसकटलेला, कडेला पुसट, पण सरळ, ओढ्याच्या कोपऱ्यापासून खांबाकडच्या टोकापर्यंत सरळ. पांढरीच्या बरोबर हातभर पलीकडं. आणि पंचांचा रुमाल त्या लाल पट्ट्याच्या आत पडलेला होता.

पाहुण्या संघाचे सर खाली बसले. बोटानं माती उचलली, वास घेतला. मग उठून त्यांनी मामांचा हात हातात घेतला आणि पंचांना म्हणाले की पोरगी नाबाद आहे, आम्ही हरलो. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना अर्धं माफ केलं.

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. दीक्षा मामांच्या गळ्यात पडली, लक्ष्मीबाई पदर तोंडात धरून हसत होत्या की रडत होत्या, आणि आम्ही सुजल्या पायांनी नाचत होतो. आयुष्यात पुढं बऱ्याच गोष्टी मिळाल्या, नवरा मिळाला, नोकरी मिळाली, पण तेवढा आनंद कशाचाच झाला नाही. नवऱ्याला हे माहीत आहे.

नाच थांबला तो वडिलांना बघून. ते गर्दीतून सरळ आमच्याकडं येत होते. आता सांगलीचं नाव निघणार आणि इथंच सगळं संपणार, हे बाराजणींना कळलं. बाकीचे बापही कान देऊन उभे राहिले. वडिलांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मामांसमोर जाऊन उभे राहिले.

"सांगलीला पोरींबरूबर तुमी जानार का?"

मामा म्हणाले, हेडमास्तरांनी रजा दिली तर जाईन.

"तुमी जानार आसाल तर माजी पोरगी ईल," वडील म्हणाले आणि मागं न बघता घराकडं निघाले. त्यानंतर बाकीच्या बापांना शेतीची कामं आठवायचं काही कारण उरलं नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही बाराजणी एसटीत बसलो. मामा इस्त्रीचा सदरा घालून दाराशी उभे होते, आमची डोकी मोजत. कंडक्टर वैतागलेला. एवढ्या पोरी कुणाच्या, असं त्यानं ओरडून विचारलं.

"माज्या हायत," मामा म्हणाले.

"बाराच्या बारा?"

"बाराच्या बारा."

माझे वडील खिडकीखाली उभे होते. त्यांनी ते ऐकलं. मग दाराशी येऊन, हात वर करून आईनं बांधून दिलेलं दशम्यांचं गाठोडं त्यांनी माझ्याकडं नाही, मामांकडं दिलं, आणि म्हणाले, "वाटंत समद्यांनी मिळून खावा. तुमीबी खावा."