पांडेलिस अजून विरघळला नाही

थ्रासोसने फावडं बाजूला टाकलं, खड्ड्यात वाकून पाहिलं आणि टोपी काढून म्हणाला, "बाई, तुमचा नवरा आहे तसाच आहे."

"म्हणजे?" स्तमातियाने विचारलं.

"म्हणजे तसाच. कोट, बूट, अंगावरचं मांस. झाला नाही अजून. आणखी दोन वर्षं तरी लागतील. माती घालतो परत."

स्तमातियाच्या हातात हाडं धुवायला आणलेली लाल वाइनची बाटली होती आणि काखेत पांढरं फडकं. पायाशी पत्र्याची नवीकोरी पेटी, तिच्यावर रंगाऱ्याकडून नाव घालून आणलेलं. ती खड्ड्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली. "बघा वन्सं. मेला तरी जाऊ देत नाही तुमचा भाऊ!"

मी एवान्थिया, पांडेलिसची थोरली बहीण. वय एकोणऐंशी. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकूनही घेतलं नाही. आमच्या लिम्नोस बेटावर मेलेला माणूस तीन वर्षं मातीत ठेवायचा, मग त्याची हाडं काढून वाइनने धुवायची, पेटीत भरून देवळामागच्या खोलीत फळीवर ठेवायची आणि जागा पुढच्याला मोकळी करायची. हाडं स्वच्छ निघाली की बायका म्हणतात, सुटला बिचारा. नाही निघाली तर म्हणतात, कुणीतरी ह्याला माफ केलेलं नाही. थ्रासोस म्हणतो, त्या कोपऱ्यात पाणी मुरतं. गेली चाळीस वर्षं तो लोकांना पुरतोय आणि उकरतोय, पण त्याचं ऐकतो कोण!

स्तमातियाला हे वर्ष काही नीट गेलंच नव्हतं. जानेवारीत ओल्या पायरीवरून घसरून उजवं मनगट मोडलं. ते बरं होतंय तोवर ईस्टरच्या आधी तिची पाठची बहीण गेली. मे महिन्यात डाव्या डोळ्यावर पडदा आला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, जुलैत विहिरीचं पाणी खारं झालं आणि टोमॅटोचा सगळा वाफा जळून गेला. ती रडली नाही. म्हणायची, "जाऊ दे वन्सं, मला आता कुठे इथे टोमॅटो खायचेत!"

कारण ती निघाली होती. मेलबर्नला, लेकीकडे, आणि तेही कायमची. आर्गिरोला तिकडे जाऊन बारा वर्षं झाली. इथे काम राहिलं नव्हतं तेव्हा अर्धं बेट गेलं, त्यात ती गेली. तिचा मुलगा सहा वर्षांचा आहे. आजीने त्याला फोनच्या काचेत तेवढा पाहिलाय. आर्गिरोने खोली तयार ठेवली होती, खिडकीबाहेर लिंबाचं झाड होतं. ऑगस्टमध्ये स्तमातियाने घर अथेन्सच्या एका माणसाला विकलं. नऊ ऑक्टोबरचं तिकीट होतं. त्याआधी नवऱ्याची हाडं पेटीत पडली की ती मोकळी.

वीस वर्षांची होऊन ती आमच्या घरात आली. चीजच्या कारखान्यात पस्तीस वर्षं उभ्याने काम केलं. सगळ्या आयुष्यात बेट सोडलं ते एकदा, थेस्सलोनिकीला दात काढायला. आणि आता विमानात बावीस तास बसायचं म्हणून बया रोज दुपारी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून सराव करायची. गुडघे जोडून, पर्स मांडीवर घेऊन.

"अगं, ऊठ की! मुंग्या येतील पायाला."

"तिथे काय मधेच उतरता येणारे?" ती म्हणायची. "आणि वन्सं, तिकडे म्हणे सगळं उलटं असतं. आपल्या थंडीत त्यांचा उन्हाळा. म्हणजे हे वर्षसुद्धा तिकडे गेल्यावर सुलटं होईल की हो!"

बॅगेत तिने दुधातल्या शेवया वाळवून भरल्या, डोंगरावरचा चहा भरला आणि नातवासाठी स्वेटर. स्वेटर तीनदा उसवून विणला, कारण फोनमध्ये पोरगं दर महिन्याला मोठं दिसायचं.

तर अशा बाईसमोर थ्रासोसने पुन्हा माती ओढली.

दुपारपर्यंत गावभर झालं. बेकरीत, देवळाच्या पायरीवर, जिकडे तिकडे तेच. कुणी माफ केलं नसेल? एक म्हणाली, लेकीने. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी आर्गिरोला पहिलं मूल सातव्याच महिन्यात झालं. जावयाने लगोलग सासूचं तिकीट काढलं. आणि स्तमातियाचा पासपोर्ट सापडेना! तिने पिठाचा डबा पालथा केला, गाद्या उसवल्या, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा उपसलं. पांडेलिस पलंगावर छातीला हात लावून पडलेला. "जा, जा. परत येशील तेव्हा मी नसेन." अकराव्या दिवशी फोन आला की बाळ गेलं. त्यानंतर पासपोर्ट शोधायचंही कारण राहिलं नाही. पांडेलिस मेल्यावर कपडे वाटायला काढले तेव्हा तो त्याच्या थंडीतल्या कोटाच्या खिशात निघाला.

पापा-लेफ्तेरिस, आमचे पाद्री, संध्याकाळी घरी आले. म्हणाले, "बाई, माती ओली आहे, एवढंच. पण कुणाच्या मनात काही अडलं असेल तर मोकळं केलेलं बरं. त्याने कुणाचं नुकसान होत नाही."

ते गेल्यावर स्तमातियाने माझ्यासमोरच लेकीला फोन लावला. तिकडे पहाट होती. "आर्गिरो, खरं सांग. बाबांना माफ केलंस का तू?"

"आई, पोराला त्यांचं नाव ठेवलंय मी," आर्गिरो म्हणाली. फोन मोठ्याने लावलेला होता, मला सगळं ऐकू येत होतं. "रोज दहा वेळा पांडेलिस, पांडेलिस म्हणून ओरडते. आणखी काय करू? तू केलंस का?"

 स्तमातियाने फोन ठेवून दिला आणि भांडी घासायला उठली.

पुढचे चार दिवस ती कुठे गेली नाही. खुर्चीतला सराव बंद. बॅग दाराशी तशीच. पाचव्या दिवशी म्हणाली, "तिकीट परत करता येतं का विचारते. त्यांना असं टाकून गेले तर दोन वर्षांनी काढायला कोण? कुणी आलं नाही तर सगळ्यांच्या खड्ड्यात लोटतात."

"मी आहे ना."

"तुम्ही? एक्याऐंशीच्या व्हाल. तोवर तुम्हालाच काढायची वेळ यायची."

"तोंड सांभाळ गं!" मी म्हटलं. हसलो दोघी. पण तिचं हसणं ओठांवरच राहिलं, आणि मी घरी येऊन रात्रभर... छे, रात्रभर कसली, ह्या आठ वर्षांत कधीच धड झोपले नाहीये मी.

आता सांगूनच टाकते. पासपोर्ट माझ्या घरी होता. पांडेलिसने आणून दिला आणि म्हणाला, "ताई, थोडे दिवस ठेव. ही गेली तर परत यायची नाही." मी एका शब्दाने विचारलं नाही. कुराबिएदेसच्या डब्यात टाकला, त्या पिठीसाखरेच्या बिस्किटांच्या, आणि डबा कपाटात वर ठेवला. तो एकटेपणाला भ्याला होता. मी कशाला भ्याले होते? खरं सांगायचं तर मला जळफळाट झाला होता. मला जन्मात कुणी कुठे बोलावलं नव्हतं. हिला तिकीट येतं काय, गाव निरोप द्यायला जमतं काय! वाटलं, महिनाभर अडू दे. बाळ अकराच दिवस जगणार आहे हे मला काय ठाऊक? पांडेलिस गेल्यावर मीच तो गुपचूप त्याच्या कोटात सारला.

मी मनात म्हटलं, बाई गं, आता बोल. सगळा राग त्या मेलेल्यावर नको, अर्धा तू घे. तो सुटेल, ती जाईल. सात तारखेला दुपारी गेले तिच्याकडे. घर रिकामं झालेलं, दोन खुर्च्या आणि एक टेबल राहिलेलं. उभ्याउभ्याच सगळं सांगून मोकळी झाले.



"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"पासपोर्ट उघडला तर पानापानात पिठीसाखर. ह्यांना मधुमेह. वीस वर्षं ह्या घरात साखरेचा कण नव्हता, एवान्थिया."

पन्नास वर्षांत तिने पहिल्यांदा मला नावाने हाक मारली.

"मग बोलली का नाहीस गं तीन वर्षं?"

"तू बोलशील म्हणून. ह्यांना तर मी चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेलाच माफ केलं. भित्रा माणूस, अंधारात परसाकडेही एकटा जायचा नाही. त्यांचं काय धरायचं? पण बाळ गेलं त्या दिवशी तू मला कुराबिएदेस घेऊन आलीस. त्याच डब्यातून. माझ्या तोंडात भरवलंस, म्हणालीस, खा, देवाची मर्जी. मी खाल्लं. अजून घशाखाली गेलेलं नाही ते."

मी तिच्या पायाशी बसले. एकोणऐंशीव्या वर्षी बसले, गुडघे कडाकडा वाजले. "माफ कर मला, स्तमातिया."

"ऊठ," ती म्हणाली. "मी जाते परवा. माझ्यामुळे अडलेले नाहीत ते."

नऊ तारखेला धक्क्यावर बरीच माणसं आली होती. तिने सगळ्यांचे मुके घेतले, बेकरीवाल्या त्या भवानीचेसुद्धा. माझ्यापाशी आली तेव्हा पिशवीतून वाइनची बाटली आणि पांढरं फडकं काढून माझ्या हातात दिलं. "दोन वर्षांनी लागेल," म्हणाली. मी तिचं मनगट धरलं, तेच मोडलेलं. म्हटलं, "जाताना एक शब्द बोल."

"बोट सुटेल," ती म्हणाली आणि बॅग ओढत चढली. वर जाऊन खुर्चीत बसली, गुडघे जोडून, पर्स मांडीवर. तिचं तोंड समुद्राकडे होतं.

आता पांडेलिसच्या थडग्यावरचा दिवा रोज मीच लावते. आर्गिरो फोन करते. आई बरी आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालं, लिंबाखाली बसते, म्हणते. आईला दे म्हटलं की ती नेमकी बाहेर गेलेली असते.

परवा थ्रासोसला विचारलं, पांडेलिसच्या शेजारची जागा माझ्यासाठी ठेवशील का. तो म्हणाला, "आजी, तिथे तेच पाणी मुरतं. वर भिंतीजवळ कोरडी जागा आहे, ती बघू?"

"नको रे बाबा," मी म्हटलं. "ओलीच दे. माझ्या वेळी लोकांना पाण्याचं कारण तरी सांगता येईल."