ताडपत्री उशिरा भेटते

हे मी माह्या नवऱ्यालेही सांगतलं नाई. तुमाले काऊन सांगून राह्यली — मलेच ठाऊक नाई. पण ऐका.

पैनगंगेचं पानी शिरलं त्या साली काठावरचे लोक आदिलाबादजवळ एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात आणून ठेवले होते. मदत वाटाले बाहेरची संस्था आली; सामान आवारातल्या गोदामात, अन् ते वाटाले संस्थेचाच एक गोदामवाला. संस्थेच्या मॅडम तेलुगूवाल्या, आमच्या बाया मराठी. मी शाळेत शिकवते, दोनी भाषा येतात — म्हणून एकीचं दुसरीले सांगाचं काम माह्याकडं आलं. मदतीच्या बदल्यात कोनी वंगाळ काही मागतलं तं बिनधास्त सांगा, असं मॅडम दर बैठकीत म्हणत. तेही मराठीत मीच सांगे. लय ठसक्यात सांगे!

त्या लोकायत माह्या माहेरच्या गावची पाटलीणबाई होती. माही माय हिच्या वावरात राबे. हिच्या दिरानं गोठ्यात मायवर हात टाकला, तं माय रडत हिच्याकडंच गेली. ही म्हणे, "तूच गेली असशील हासत." साऱ्या गड्यायसमोर! मी मायच्या बाजूले उभी होती. तवापासून त्या बाईचं वाटोळं व्हाची मी वाट पायली. खोटं काऊन बोलू?

अन् एका बैठकीत तीच बाई उठली. हात जोडून. माह्यासमोर — "पोरी, सांग वं त्यायले. गोदामवाला माह्या सुनेले एकटीले बोलावते. ताडपत्री देतो म्हणते अन् आतून कडी लावते." बाजूले सून, वर्षा. नवीनच लगन झालेली. मान खाली.

आलं का ध्यानात? तेच गाऱ्हाणं — अन् आता ते सांगाचं का नाई, हे माह्या हातात! मी तेलुगूत सांगतलं — ताडपत्री उशिरा भेटते म्हणते. मॅडमनं माफी मागतली. पाटलीणबाईनं मले आशीर्वाद देल्ला. अन् मले गोड वाटलं हो — लय गोड! घरी येऊन मी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदामवाल्यानं वर्षाले हाक मारली. मी तिथंच लिंबाखाली बसली होती. ती माह्यापाशी थांबली अन् स्वच्छ तेलुगूत म्हणाली, "अक्का, आता तरी खरं सांगा."

आदिलाबादेत तेलुगू शाळेत शिकलेली पोर ती. काल सारं समजलं होतं तिले — सासरच्या बायायसमोर नव्या सुनेनं तोंड उघडलं नव्हतं, एवढंच. मॅडम समोरच्या खोलीत बसल्या होत्या, पण एकटीनं त्यायच्यापुढं जाची हिंमत नव्हती तिची. मले नुसतं उठाचं होतं. पण त्या बाईले अजून पुरतं भोगाले लागलं नाई — असं वाटलं मले. तिले! अन् उभी कोन होती माह्यासमोर? मी मान फिरवली.

कडी लागल्याचा आवाज मी ऐकला.

वर्षानं माह्या मायले कदी पायलंही नव्हतं. मॅडम त्याच दिवशी संध्याकाळी परत गेल्या, मी त्यायले गाडीपर्यंत पोचवून आली. गोदामवाला आता दुसऱ्या छावणीत गोदाम सांभाळते. कोनत्या छावणीत, तेही मले माहीत हाये.