विजूला कुणी सांगितलं नाही

“ताई गेली गं, शालूताई. पण एक बरं झालं, शेवटपर्यंत तिला काही कळलं नाही.” विजूच्या धाकट्या भावाचा, शेखरचा, त्या दिवशी सकाळी फोन आला तो असा. काय कळलं नाही, विचारलं, तर म्हणाला, कॅन्सर. दिवाळीपासून घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही. तिला मात्र अल्सर सांगितला होता… आणि मलाही. दोन महिने होत आले, माझ्या अंगाचा तिळपापड अजून थांबत नाही.

विजू माझी गिरगावातली शाळासोबती. जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं तिनं. मी दादरच्या शाळेत मराठी शिकवणारी, आकडे म्हटलं की पळ काढणारी. पन्नाशी उलटल्यावर मला पीएचडीची हौस आली आणि तिच्यासाठी आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकायला दर शनिवारी तिच्याकडे जाऊ लागले. पहिल्याच दिवशी मुलांच्या उंच्या भरल्या, बटण दाबलं, सरासरी हजर! मी खूश. विजूनं चष्मा कपाळावर सरकवला. “अगं बाई, सातवीतला पोरगा तेराशे पन्नास सेंटिमीटर? छप्पर फोडून बसवलंस का त्याला?” माझ्याकडून एक शून्य जास्त पडलं होतं. “मशीनला लाज नसते गं. मागशील ती सरासरी देईल. आधी आकड्यांचे ठिपके काढ पडद्यावर, एकेक डोळ्यांनी बघ, मग बटण.” हे हसत हसत. पण तक्त्यातले गैरहजर पोरांचे रिकामे चौकोन दिसायला बरे दिसेनात, म्हणून मी तिथं सरासरीच भरून टाकली, तेव्हा मात्र ती भडकली. “माहीत नसेल तर रिकामं ठेव. आपल्या सोयीचं भरायचं नाही. मला खपत नाही ते!” मी तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

आणि हिच्याच घरात, हिच्याच चौकोनात, सोयीचा अल्सर भरला!

विजूचं वजन उतरत चाललं होतं. ती रिपोर्ट मागायची. “डॉक्टरांकडे आहेत, ताई,” हे शेखरचं ठरलेलं उत्तर. रिपोर्ट होते त्याच्या बायकोच्या कपाटात, साड्यांखाली, हे मला आता कळलं. “मला काय कुक्कुलं बाळ समजता रे? आकडे वाचता येतात मला!” विजू ओरडायची, मग तिला दम लागायचा. भावजय मोसंबीचा रस पुढं करायची.

परवा जाऊन शेखरला तोंडावर विचारलं. म्हणाला, “तिला सोसलं नसतं.”

“कुणी ठरवलं? तू?”

“अगं, आपल्यात सांगतात का कुणी असं? तुलाही मुद्दाम नाही सांगितलं. तू लगेच सांगून मोकळी झाली असतीस.”

“झालेच असते! तिचा आजार, तिचं शरीर. तू कोण लागून गेलास?”

रडला बिचारा. प्रेमापोटी केलं म्हणे. असेलही. पण प्रेम म्हणून सोडून द्यायला माझं मन तयार नाही. भावनेच्या भरात लिहिते आहे असं कुणाला वाटेल, तर खुशाल वाटू दे.

परवा तिच्या घरी गेल्यावर तो कॉम्प्युटर दिसला, खिडकीपाशी, वर टॉवेल टाकलेला. आमचा शेवटचा शनिवार तिथंच गेला होता. खुर्चीत उशा लावून बसली होती, डोळे मात्र लकाकत होते. मला म्हणाली, “शाले, पुस्तक लिहायचंय. मराठीत. तुझ्यासारख्या घाबरटांसाठी, बटण दाबण्याआधीचं सगळं. डोक्यात तयार आहे, नुसतं उतरवायचंय.” मी म्हटलं, आजच सुरू कर, तू सांग, मी टाइप करते. तिनं मान मागं टेकवली. “नको, आधी जरा बरी होऊ दे. जूनमध्ये बसू. घाई काय आहे?”

शेखर चहा घेऊन आला होता. कप माझ्या हातात देत तोच म्हणाला, “हो ताई, घाई काय आहे!”