मेंबरच्या पोटातली कवळी

आमच्या मेंबरच्या पोटात माझी कवळी आहे, ही बातमी मला बेळगावातल्या एका थंडगार दवाखान्यात, अनोळखी माणसांच्या देखत, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कळली.

मेंबर म्हणजे आमचा कुत्रा. रामनगरच्या बाजारात माझं बादल्या, दोरखंड, खिळे आणि ताडपत्र्यांचं दुकान आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या धामधुमीत हे पिल्लू कुठून तरी दुकानापाशी आलं. प्रत्येक घरापुढं जाऊन शेपटी हलवायचं, मिळेल तिथं खायचं आणि काम पडलं की दिसायचं नाही. नाव आपोआप पडलं. (खरे मेंबर एकदा दुकानात येऊन नाराजी दाखवून गेले. मी म्हटलं, आदरानंच ठेवलंय. त्यांनी एक ताडपत्री बघितली, नाक मुरडलं आणि गेले.)

आता कवळी. माझे वरचे पुढचे दात खोटे आहेत. तारेच्या आकड्यांनी ते शेजारच्या खऱ्या दातांना धरून बसतात. एका रविवारी कोंबडीचा रस्सा हाणून झाल्यावर मी ती काढून धुतली-न धुतल्यासारखी केली, परसातल्या मोरीच्या कट्ट्यावर ठेवली, तेवढ्यात फोन आला. फोन संपवून येतो तर कट्टा मोकळा!

आम्ही सगळं घर पालथं घातलं. मोरीत काठी घालून झाली, चुलीतली राख चाळून झाली. शेवटी माझी बायको सुमन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कावळ्यानं न्हेली आसंल."

"कावळा कवळी घेऊन काय करंल?"

"मग आणि कोण न्हेणार? चोराला तरी बसाय नको?"

त्याच संध्याकाळी मेंबरनं भाकरीकडं पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी दुधाकडंही. मी दातांअभावी जेवत नव्हतो, तो कशानं तरी जेवत नव्हता. आम्ही दोघं एकाच वेळी जेवेनासे झालो होतो, आणि घरातल्या एकाही शहाण्याच्या (त्यात मी पहिला!) डोक्यात काही येईना. मेंबर दुकानाच्या पायरीखाली पडून राहिला. समोरून शेजारच्यांचा बोका ऐटीत गेला, तरी यानं कान हलवला नाही. सुमननं तर पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. "त्यो खाईना तर माझ्या घशाखाली कसं उतरंल?" म्हणाली आणि डोळे पुसले.

आमच्या गावात जनावरांचे डॉक्टर म्हणजे डॉक्टर नाईक. मूळचे कारवारकडचे, पण आयुष्य इथं गेलं. रामनगरापासून गुंदपर्यंत अशी म्हैस नसेल जिच्या पोटावर त्यांनी थाप मारली नाही. भाताच्या गिरणीमागं पत्र्याची शेड, जनावरानं चिंचेखाली उभं राहायचं, माणसानं बाकावर बसायचं. त्यांची निदानं दोनच. एक, उष्णता, दुसरं, मालकाचा मूर्खपणा. औषध जनावराला, शिव्या मालकाला!

"काय घातलासा खायला?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई ओ डॉक्टर, नेहमीचंच. भाकरी, रश्शात कालवून." माझ्या तोंडातून शब्दांपेक्षा वारा जास्त येत होता.

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "सावकार, तुमचे दात कुठं गेले?" (आमच्याकडं दुकानदाराला सावकारच म्हणतात.)

"हरवले."

"बरं," म्हणाले आणि मेंबरकडं वळले. (सत्याच्या इतक्या जवळ जाऊन कुणी इतक्या शांतपणे परत फिरलं नसेल!)

त्यांनी पोट दाबून बघितलं. "पोटात काय तरी हाय."

"काय हाय?"

"बाहेर आलं की कळंल. मऊ भात द्या. बघूया थोडं."

बघूया! डॉक्टरनं बघूया म्हटलं की माझा विश्वासच उडतो. बघूया तर मी पण म्हणू शकतो! रात्री बेळगावात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीला, रश्मीला, फोन लावला.

"बाबा, ते म्हशींचे डॉक्टर आहेत," ती म्हणाली. "इथं नवीन दवाखाना झालाय. देशभर शाखा आहेत त्यांच्या. सगळं मशीनवर बघतात."

"देशभर शाखा म्हंजे एकानं चुकलं तर देशभर चुकणार की!" सुमन मागून ओरडली. ती नाईकांच्या पक्षाची.

पण मला रश्मीचं पटलं. खरं कारण सांगू? नाईकांना मी रोज बघतो. मासळीवालीशी घासाघीस करताना बघतो, चिखलात घसरताना बघतो, त्यांची लुंगी दोरीवर वाळताना बघतो. ज्याची लुंगी आपण बघितली त्याच्या विद्येवर विश्वास कसा बसणार? बेळगावच्या डॉक्टरला मी जन्मात बघितलं नव्हतं, म्हणून माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता.

अडचण एकच. नाईकांना कळता कामा नये. सकाळी बाजारात ते भेटलेच. "कुत्र्याला परवा दाखवून जावा," म्हणाले.

"परवा न्हाई जमणार डॉक्टर. खानापुरात लग्न हाय."

"असू दे. मला पण जरा बाहेर जायचंच हाय," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं घाईघाईनं दोन दिशांना गेलो.

लग्नाच्या दिवशी मेंबरला दुकानाच्या व्हॅनमध्ये मागं निजवलं, वर ताडपत्री घातली (दुकानाचा माल, दुसरं काय!) आणि लोंढ्यावरून, खड्डे चुकवत बेळगाव गाठलं. सुमन वाटभर मेंबरचं डोकं मांडीवर घेऊन माझ्याशी भांडत होती.

दवाखाना काय वर्णावा! काचेचं दार आपोआप उघडलं तेव्हा सुमननं चप्पल बाहेर काढली. आत सोफे, मंद संगीत, गुलाबाचा वास, आणि भिंतीवर पाटी: 'आम्ही काहीही लपवत नाही.' त्याखाली मोठा पडदा. ज्याचा रिपोर्ट येईल तो सगळ्यांना तिथं दाखवायची त्यांची पद्धत! रश्मी आधीच येऊन थांबली होती. तिनं आम्हाला काउंटरपाशी नेलं.

"मेंबर आहे का?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"व्हय, हा काय," मी मेंबरला वर उचललं.

"नाही सर, आमच्याकडं मेंबर आहे का?"

"तुमच्याकडं कसा आसंल? आमच्याकडंच हाय की!"

"बाबा," रश्मीनं कपाळाला हात लावला, "ती सभासद आहात का विचारतेय."

मग मुलीनं माझ्याकडं बघून गोड हसत विचारलं, "तुम्ही मेंबरचे डॅडी ना?"

मी काही बोलण्याआधी सुमन म्हणाली, "आणि मी गं?"

"तुम्ही मम्मी!"

सुमन अशी खूश झाली की नाईकांचा पक्ष तिनं जागच्या जागी सोडला. मी बसायला जागा शोधत वळलो, आणि कोपऱ्यातल्या सोफ्यावर, मांडीवर वेताची टोपली घेऊन बसलेले डॉक्टर नाईक दिसले.

शेजारी त्यांची बायको. मी मेंबरला पायामागं ढकललं, त्यांनी टोपलीवर हात ठेवला.

"सावकार," शेवटी नाईक म्हणाले, "तुमी लग्नाला जाणार होता न्हवं?"

"व्हय. लग्नालाच आलोय." मी मेंबरकडं बोट दाखवलं. "ह्याला पण आमंत्रण होतं. आणि तुमी?"

"मी... मी हितं एका मित्राला भेटाय आलोय."

टोपली म्हणाली, "म्यांव."

"कसला मित्र ओ!" डॉक्टरीणबाई उसळल्या. "आमची मनी हाय. खाईना झालीय. पण ह्यांच्या हाताला लागू दिली न्हाई मी. म्हशीच्या अंदाजानं सुई मारतील हे!"

नाईकांनी मान खाली घातली. इतका वेळ लाज मला एकट्याला वाटत होती. आता ती दोघांत वाटली गेली, तेव्हा बरं वाटलं.

मेंबरला आत नेऊन एक्स-रे काढला. दवाखान्याची डॉक्टर रश्मीच्याच वयाची, चुणचुणीत. तिनं बाहेर येऊन बटण दाबलं. पडद्यावर मेंबरच्या बरगड्या उमटल्या. खाली पोट. आणि पोटात दातांची सुबक ओळ! मेंबरच्या आतून कुणीतरी आमच्याकडं बघून हसत होतं.

"अय्यो देवा!" शेजारची एक बाई आपलं झुबकेदार पांढरं कुत्रं उचलून सोफ्यावरच चढली. "ह्यानं माणूस खाल्लाय!"

सुमननं पडद्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. "अवो, तोंड उघडा बगू."

"आता नको. घरी गेल्यावर."

"उघडा म्हंते न्हवं!"

मी उघडलं. सगळ्या दवाखान्यानं आधी माझं तोंड बघितलं, मग पडदा, मग पुन्हा तोंड. सगळ्यांचं एकमत झालं.

"मी इचारलो होतो!" डॉक्टर नाईक उभे राहून गरजले. "दात कुठं गेले म्हणून पहिल्याच दिवशी इचारलो होतो!"

"इचारलासा, आणि बरं म्हटलासा!" मी पण ओरडलो.

डॉक्टर मुलीनं बेंगळूरच्या मोठ्या डॉक्टरला फोनवर घेतलं. त्यानं तिकडून पोट उघडायला सांगितलं. त्याआधी रक्त तपासा, हृदय तपासा, कुत्र्याला इथंच ठेवा.

"अगं बाय, पोट फाडायची एवढी घाई कशाला?" नाईक म्हणाले.

"सर, आमची ठरलेली पद्धत आहे. तारा टोकदार आहेत."

"माझी पण पद्धत हाय."

"कोणती?"

"थांबायची."

झालं! दवाखान्यात दोन तट पडले. झुबकेदार कुत्र्याची बाई म्हणाली, मोठ्या दवाखान्यावरच भरवसा ठेवावा. एका आजोबांनी सांगितलं की त्यांचं मांजर मोठ्या दवाखान्यात नेल्यापासून त्यांना ओळखत नाही. रश्मी एका बाजूला, डॉक्टरीणबाई तिच्याच बाजूला (नवऱ्याच्या विरुद्ध बाजू ती त्यांची!), सुमन मध्ये रडत. आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.

एरवी मला प्रत्येक गोष्टीवर मत असतं. धरणाचं पाणी कधी सोडावं, यावरसुद्धा असतं. पण मेंबरनं माझ्या पायावर डोकं टेकवून वर बघितलं, आणि माझी मती बंद पडली. माझ्या आळसानं हा मरायला टेकला होता. पोट फाडलं तर वाचेल का? थांबलं तर वाचेल का? मला खरंच कळेना.

"करा ऑपरेशन," मी शेवटी पुटपुटलो, आणि नाईकांकडं बघायची हिंमत झाली नाही.

त्यांनी एकदा मेंबरकडं बघितलं. मग टोपली बाजूला ठेवत म्हणाले, "बरोबर हाय. तारेचं काय सांगता येत न्हाई. करा. मी थांबतो हितं तुमच्याबरोबर."

एवढं चांगलं ते आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. बोलण्याच्या भरात टोपलीचं झाकण मात्र निसटलं.

मनी बाहेर. मनी काउंटरवर! आणि दिवसच्या दिवस कान न हलवणाऱ्या आमच्या मेंबरला एकदम आपण कुत्रा असल्याची आठवण झाली. माझ्या हातातली दोरी गेली. मनी सोफ्यावर, मेंबर सोफ्यावर; मनी वजनकाट्यावर, मेंबर वजनकाट्यावर, काटा किंचाळायला लागला. खाऊच्या पाकिटांचं कपाट आडवं झालं. झुबकेदार कुत्र्यानं बाईच्या हातून उडी मारली. मनीमागं मेंबर, मेंबरमागं मी, माझ्यामागं सुमन, आणि सगळ्यांमागं नाईक, "सरळ धावू नका, घेरा! घेरा!" असं म्हशी वळवल्यासारखं ओरडत!

मनी पडद्याच्या वर जाऊन बसली. मेंबरनं खाली उभं राहून पोटातनं जोर काढून भुंकण्यासाठी तोंड उघडलं. भुंकणं अडकलं. तो खोकला, मान ताणली, अंग मुडपलं, आणि आरशासारख्या फरशीवर माझी कवळी येऊन पडली.

संगीत तेवढं चालू होतं.

नंतर पुन्हा एक्स-रे काढला. घसा, पोट, सगळं ठीक. मेंबरनं सांडलेली पाकिटं तिथंच खायला सुरुवात केली, आणि मनी खाली उतरून त्याच्या शेजारी बसून खाऊ लागली. मेंबर बरा कुणामुळं झाला, यावर आजही वाद आहे. दवाखान्याची डॉक्टर मुलगी म्हणते, आमच्याकडं आल्यामुळं. नाईक म्हणतात, मी पोट फाडू नका म्हटलं म्हणून वेळ मिळाला. डॉक्टरीणबाई म्हणतात, माझ्या मनीमुळं, तुम्ही दोघं डॉक्टर नुसते बघत होता! कवळी मात्र दवाखान्यानं धुऊन, रंगीत डबीत घालून दिली. डबीवर लिहिलं होतं, 'लवकर बरा हो, मेंबर!'

आम्ही रामनगरात पोचायच्या आधी बातमी पोचली. डॉक्टरीणबाईंनी वाटेतूनच फोन केले होते. खिळे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी म्हणायचं, "सावकार, जरा हसा बगू."

सुमननं कवळी मिठाच्या पाण्यात उकळली आणि ते पातेलं टाकून दिलं. मी ती पुन्हा बसवली. नवी होईपर्यंत खायचं कशानं? पण तारा वाकल्या होत्या, हिरडी सुजली. रश्मीनं फोनवर दातांचा एक दवाखाना सुचवला. देशभर शाखा असलेला! तिथं पण पडदा असला तर?

"त्यापेक्षा नाईक डॉक्टरकडं जावा," सुमन म्हणाली. "तुमच्या दातांचा फोटो बघितलेला गावात त्यो एकटाच डॉक्टर हाय."

आणि मी गेलो! आता लपवून काय उपयोग? फक्त सल्ला विचारायला म्हणून चिंचेखालच्या बाकावर जाऊन बसलो. गाल सुजलेला, वर मफलर. शेजारी गुंदकडची एक म्हातारी शेळी घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, बाकाखाली वाकून बघितलं, झाडामागं बघितलं.

"बाबा, तुमचं जनावर कुठं हाय?"

मी म्हटलं, "हे काय आजी, तुमच्या शेजारीच बसलंय की!"