फक्कीच्या रेघेवर

नवी पेठेत माझं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. हातगाडीपासून सुरुवात केली, कोणाच्या बापाची मदत नाही. माल देणारा शपथेवर बोलला तरी मी कापड उलटं करून शिवण बघतो. भुताखेतांचे किस्से ऐकून हसणाऱ्यांतला मी... आज मीच लिहायला बसलोय. हसायचं तर खुशाल हसा.

उजनीच्या बॅकवॉटरला एका गावात दर जानेवारीत चौघांची रिले होते. प्रत्येकाने पाच किलोमीटर. बॅटनऐवजी नॅपकिन — सोलापूरवाल्यांची स्पर्धा, दुसरं काय असणार! पुढच्याने मैदानावर आखतात तशा पांढऱ्या फक्कीच्या रेघेमागे उभं राहूनच तो घ्यायचा. रेघ ओलांडली की टीम बाद.

आणि माझी सवय अशी, की समोरच्याने हात पुढे करायच्या आत मी दोन पावलं पुढे. धंदाही असाच केला.

दोन वर्षांपूर्वी मी शेवटचा टप्पा धावलो, पहिला आलो. पंचांना काही खटकलं नव्हतं. पण मला नॅपकिन देणारा सिद्राम — शुक्रवार पेठेतला, वीस वर्षांचा दोस्त — लंगडत आला आणि सरळ पंचांना म्हणाला, "सर, हा रेघेच्या पुढं आलता की."

बाद! पहिल्या नंबराची ढाल दुसऱ्यांना गेली.

"आपल्याच माणसाचा गळा कापतोस व्हय रे?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

"निल्लो, निल्लो म्हणून बोंबललो की मी," तो शांतपणे म्हणाला. घरी तो कानडी बोलायचा. निल्लो म्हणजे थांब रे. "तू कवा थांबलायस का?"

माझं डोकं फिरलं. तो लाल काठाचा नॅपकिन दगडाला गुंडाळून मी धरणाच्या पाण्यात भिरकावला. पुन्हा त्याच्याशी बोललो नाही. मागच्या पावसाळ्यात तो काविळीने गेला. मातीला गेलो, पण राग काही पुरला गेला नाही. खरं तेच लिहितोय.

यंदा त्याच्या जागी नरसय्या होता, आमचा यंत्रमागवाला. नॅपकिन नवा, हिरव्या काठाचा. सकाळचे सात वाजले असतील. पाण्यावरून धुकं असं चढलेलं, की रस्त्याकडेची केळीची बागही दिसेना. बोटं काकडली होती. माझ्याशेजारी वही घेऊन एक क्रीडाशिक्षक उभे होते.

धुक्यातून पावलं ऐकू आली... फट, फट, फट. अनवाणी. नरसय्याने तर नवे बूट घेतले होते. अनवाणी पळायचा तो सिद्राम — "बुटात पाय आंधळे होतात" म्हणायचा.

सवयीने माझा पाय उचलला गेला — आणि समोरून आवाज आला, "निल्लो!"

मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा असेल. चवडा रेघेच्या जरा मागेच टेकला. धुक्यातून एक हात आला, हातात नॅपकिन पडला. ओला, बर्फासारखा. चेहरा बघितलाच नाही. "सात नंबर आला!" सर ओरडले आणि मी सुटलो.

पहिला आलो. घाम पुसायला नॅपकिन उचलला, तर गाळाचा वास. काठ लाल.

तेवढ्यात फोन वाजला. नरसय्या. "शेठ, माफ करा. पोटरीत गोळा आला हो. दोन किलोमीटर अलीकडंच बसलोय. नॅपकिन माझ्या गळ्यातच हाय."

"मी पहिला आलोय, नरसय्या."

तो म्हणाला, "कसं काय ते इचारत न्हाय. पन गप बसा की, शेठ! कुनाला कळतंय? मी येतो लंगडत, टाळ्या वाजवतो."

वहीवाले सर गाडीवरून आले, तेव्हा त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "मला नॅपकिन कोणी दिला?"

"तुमचाच माणूस की. एवढ्या थंडीत अनवाणी कसा, म्हटलं मी."

माईकवर आमचा सात नंबर पुकारला. त्या ढालीसाठी दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर दोन वर्षं खिळा ठोकून ठेवला होता मी. वहीत आमच्या नावापुढे बरोबरची खूण होती. तोंड उघडायची काही गरज नव्हती... मी पंचांपुढे गेलो आणि म्हणालो, "आमचा तिसरा गडी पोचलाच नाही. बाद करा."

नरसय्या आठ दिवस बोलला नाही माझ्याशी.

पाण्यात बुडवलेला नॅपकिन परत कसा आला, सरांनी पाहिलेला तो माणूस कोण, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. मी तोंड का उघडलं, त्याचाही नाही. सिद्रामवरचा राग? आहे अजून, पण आता भांडायला त्याच्यासमोर उभं राहावंसं वाटतं, एवढाच फरक.

खिळ्यावर ढालीऐवजी तो लाल काठाचा नॅपकिन टांगलाय. परवा एका बाईंनी भाव विचारला. मी, भाव करण्यात कोणाला न ऐकणारा माणूस... मला आकडाच सुचेना.